यूएसबी डॅक काही महिने वापरल्यावर: कुठला त्रास गेला, कुठला तसाच राहिला

डेस्कटॉपच्या आवाजाची तक्रार कुणाकडेही करा, सल्ला ठरलेला असतो: बाहेरून एक यूएसबी डॅक, म्हणजे संगणकाचा डिजिटल आवाज हेडफोनला चालेल अशा ॲनालॉग रूपात बदलणारी छोटी डबी, लाव, प्रश्न मिटेल. मी लावला. आता काही महिने तो रोज तासन्‌तास चालतोय, कारण मुलाखतींची ध्वनिमुद्रणं ऐकून मजकूर उतरवणं हे माझं काम आहे आणि त्यात एखादं अक्षर खरखरीत बुडालं तरी मागे जाऊन परत ऐकावं लागतं. एवढ्या वापरानंतर माझं मत असं झालंय की हा डॅक एका विशिष्ट त्रासावर रामबाण आहे, बाकीच्या त्रासांशी त्याचा काडीचा संबंध नाही. म्हणून घेण्याआधी आपला त्रास कुठल्या जातीचा हे ओळखणं जास्त गरजेचं, आणि मी बराच वेळ त्यावरच घालवणार आहे.

आधी वस्तूबद्दल. बोटभर लांबीची धातूची डबी, एका टोकाला कायमची जोडलेली छोटी यूएसबी केबल, दुसऱ्या टोकाला ३.५ मिलिमीटरचा एकच जॅक. हेडफोन आणि माइक दोन्ही त्यातूनच. बटण नाही, आवाज कमीजास्त करायचं चाक नाही. विंडोज आणि लिनक्स दोन्हींनी वेगळा ड्रायव्हर न मागता ओळखली. माझा संगणक असेंबल केलेला आहे, त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे आणि टेबलावर स्वतःचा वीजपुरवठा असलेले दोन स्पीकर.

आवाज अजिबातच येत नसेल तर खरेदीचा विचारही करू नका. बहुतेक वेळा आवाज भलतीकडे जात असतो. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर अपडेट झाला की एचडीएमआयने जोडलेला मॉनिटर हेच आवाजाचं मुख्य ठिकाण होऊन बसतं, मग त्या मॉनिटरला स्पीकर असो वा नसो. घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन कुठलं आउटपुट निवडलंय ते पाहा. मागची पिन हिरव्या जॅकमध्येच आहे ना तेही पाहा. गुलाबी माइकचा, निळा बाहेरून आवाज आत घेण्याचा. एवढ्यात निम्म्या तक्रारी संपतात असं मी आत्तापर्यंत ओळखीतल्यांचे संगणक बघून नक्की म्हणेन.

आता ज्यासाठी डॅक घेतला तो त्रास. हेडफोन कानाला, काहीही वाजत नाहीये, आणि तरी माउसचं चाक फिरवलं की कानात चिरचिर. खिडकी ओढून इकडची तिकडे नेली की चिरचिरीचा सूर बदलतो. ग्राफिक्स कार्डावर ताण आला की बारीक शिट्टीसारखा आवाज चढत जातो. हे लक्षण इतकं स्पष्ट आहे की एकदा ऐकलं की विसरत नाही. पडद्यावर काही हललं की आवाज बदलतो, याचा अर्थ संगणकाच्या पोटातली विजेची लगबग थेट कानात येतेय. मदरबोर्डवर डिजिटलचं ॲनालॉग करणारी चिप आणि त्यापुढचा नाजूक भाग त्याच बोर्डावर बसलेला असतो ज्यावरून प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाचे मोठे, क्षणाक्षणाला बदलणारे प्रवाह जातात. ग्राउंड, म्हणजे वीज परत जायची वाट, दोघांचा एकच.

पैसे घालवण्याआधी एक गोष्ट करून बघा. हेडफोन कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमधून काढून मागच्या हिरव्या जॅकला लावा. पुढच्या जॅककडे जाणारी आतली बारीक वायर बऱ्याचदा ग्राफिक्स कार्डाच्या पोटाखालून, एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) अंगावरून जाते आणि वाटेत सगळा कचरा गोळा करते. मागे लावल्यावर शांतता झाली तर दोष त्या वायरीत आहे. कॅबिनेट उघडून ती कडेने फिरवून घेतली तरी पुष्कळ फरक पडतो. (जुन्या कॅबिनेटमध्ये त्या वायरीला दोन कनेक्टर असतात, एकावर एसी ९७ ही जुनी आणि एकावर एचडी ऑडिओ ही नवी पद्धत लिहिलेली. इंटेलने २००४ मध्ये एचडी ऑडिओ आणल्यापासून मदरबोर्डांना दुसराच लागतो. चुकीचा लागला असेल तर पुढचा जॅक आवाज देईलही, पण पिन घातलीय हे संगणकाला कळणार नाही.) माझ्याकडे मागे लावूनही चिरचिर उरली होती. डॅक लावला आणि ती गेली. पूर्ण गेली. आवाज शंभरावर नेऊन, काही न वाजवता, लांबलचक पान वरखाली करत मी मुद्दाम कान देऊन ऐकलंय. हळू बोलणाऱ्या माणसाची मुलाखत आता श्वासासकट ऐकू येते, आणि या एका कामासाठी मी हा डॅक परत घेईन.

दुसरा त्रास स्पीकरचा. अखंड घूं, एकाच सुरात, माउस हलवा नाहीतर नका हलवू. डॅकने यात रतीभर फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता. संगणकाची तीन पिनांची वायर अर्थिंगला, स्पीकरचीही अर्थिंगला, आणि मधल्या ऑडिओ केबलचं जाळीचं आवरण दोघांना पुन्हा जोडतं. असं कडं तयार झालं की त्यातून थोडासा प्रवाह फिरत राहतो, आणि विजेचे ५० हर्ट्झ व त्याच्या पटीतले सूर स्पीकरमधून ऐकू येतात. यूएसबी केबलमध्येही ग्राउंडची तार असतेच, त्यामुळे डॅक मध्ये आला तरी कडं तुटत नाही. खात्री करायची तर स्पीकरच्या मागची ऑडिओ केबल काढा आणि स्पीकर नुसते चालू ठेवा. तरी घूं येत असेल तर दुखणं स्पीकरच्या पोटात आहे. शांत झाले तर तेच स्पीकर चार्जरला न लावलेल्या मोबाइलला जोडून ऐका. मोबाइलवर गाणं स्वच्छ आणि संगणकावर घूं, म्हणजे ग्राउंडचंच प्रकरण.

संगणक आणि स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणल्यावर माझ्याकडे घूं बरीच खाली आली. उरलेली घालवायला केबलच्या मधे एक ग्राउंड लूप आयसोलेटर लावला. त्यात दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, आवाज चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो आणि तारेने तारेला जोडलेलं काही राहत नाही. घूं संपली. खालच्या पट्टीतला भरदारपणा मात्र थोडा कमी झाला. तबल्याच्या डग्ग्यावर ते जाणवतं, बोलण्यावर जाणवत नाही. तुमच्या मदरबोर्डला आणि स्पीकरला ऑप्टिकल जोडणीची सोय असेल तर तीच वापरा. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेल्या या जोडणीत केबलमधून उजेड जातो, वीज जातच नाही, त्यामुळे ग्राउंडचा प्रश्नच उरत नाही. आणि काही लोक स्पीकरच्या किंवा संगणकाच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायला सांगतात, ते कृपा करून करू नका. घूं जाते खरी, पण आत काही बिघडून वीज धातूच्या कॅबिनेटवर उतरली तर तिला जायला वाट फक्त तुमच्या हातातून राहते.

तिसरा त्रास तडतडीचा, आणि सगळ्यात जास्त वेळ यानेच खाल्ला. मधूनच टक, मधूनच आवाज तुटून पुढे सरकणं, विशेषतः मोठी फाइल उतरत असताना. इथे डॅकने सुरुवातीला परिस्थिती बिघडवली. तो मी टेबलावरच्या यूएसबी हबला लावला होता, ज्यावर वेबकॅमही होता. यूएसबीवरून आवाज जातो तो वेळेला बांधलेल्या पद्धतीने: एखादा तुकडा वाटेत खराब झाला तर तो परत मागवला जात नाही, पुढचा तुकडा येतो आणि मधे भोक पडतं. फाइल कॉपी करताना हे कळत नाही कारण तिथे चुकलेला तुकडा पुन्हा पाठवला जातो. डॅक थेट मदरबोर्डच्या मागच्या पोर्टात लावल्यावर तडतड पुष्कळ कमी झाली.

तरी विंडोजमध्ये थोडी राहिलीच. लिनक्समध्ये मात्र त्याच संगणकावर, त्याच डॅकवर एक टकसुद्धा नाही. ही तुलना फार उपयोगी आहे. लिनक्स कायमचं घालायला नको, पेनड्राइव्हवरून तात्पुरतं सुरू करूनही ती करता येते. दोन्हीकडे तडतड असेल तर वायर, पोर्ट, वस्तू तपासा. एकीकडेच असेल तर हार्डवेअरला हात लावू नका. विंडोज साधारणपणे १० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत आवाज पुढे देतं, म्हणजे ४८,००० हर्ट्झला (सेकंदाला आवाजाची ४८,००० मोजमापं, म्हणजे नमुने) दर वेळी ४८० नमुने. तेवढ्या वेळात दुसऱ्या कुठल्या ड्रायव्हरने प्रोसेसर अडवून धरला की पुढचा तुकडा वेळेत पोचत नाही. कोण अडवतंय हे बघायला लेटन्सीमॉन नावाचा प्रोग्रॅम आहे. तो चालू ठेवून नेहमीचं काम करायचं आणि यादीत सगळ्यात वर कोण येतं ते पाहायचं. माझ्याकडे नेटवर्कचा ड्रायव्हर वर आला. मदरबोर्डच्या कंपनीच्या पानावरून त्याची नवी आवृत्ती घातली आणि तडतड थांबली. डॅक बदलून हे कधीच सुटलं नसतं. पूर्वीच्या जॅकवरही तीच तडतड होती, फक्त चिरचिरीखाली दबून गेलेली.

आता रोजच्या वापरातल्या खोडी. काही सेकंद शांतता गेली की डॅक झोपतो आणि पुन्हा आवाज आला की जागा व्हायला क्षणभर घेतो. त्या क्षणात पहिलं अक्षर जातं: समोरचा ‘नमस्कार’ म्हणतो आणि कानात ‘मस्कार’ येतं. गाणी ऐकणाऱ्याच्या हे लक्षातही येणार नाही, मला मात्र ‘नाही’ आणि ‘ही’ यातला फरक महत्त्वाचा असतो. लिनक्समध्ये आवाज सांभाळणाऱ्या पाइपवायर या प्रोग्रॅमच्या सोबतीचा वायरप्लंबर ५ सेकंदांच्या शांततेनंतर आउटपुट झोपवतो. ती मुदत शून्य केली की ते थांबतं, आणि माझ्याकडे तेवढ्यानेच काम झालं. विंडोजमध्ये पॉवर ऑप्शन्समधलं, रिकामी यूएसबी उपकरणं झोपवणारं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद केल्यावर सुधारणा आहे, पण अधूनमधून अजून अक्षर गळतं. त्यामुळे उतरवून काढायचं काम मी आता लिनक्समध्येच करते.

पोर्ट बदलला की विंडोजला हा डॅक नवाच वाटतो, नावापुढे आकडा लागतो आणि कुठल्या प्रोग्रॅमचा आवाज कुठून यावा ही माझी मांडणी पुसली जाते. ज्या उपकरणाला स्वतःचा अनुक्रमांक दिलेला नसतो त्याचं असं होतं. एक पोर्ट ठरवून तोच ठेवावा.

कॉल सुरू झाला की गाण्याचा आवाज एकदम खाली जातो, हा डॅकचा दोष नव्हे. विंडोजच्या जुन्या साउंडच्या खिडकीत कम्युनिकेशन्स नावाचा टॅब आहे, तिथे बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचं आधीपासूनच निवडलेलं असतं. ‘काहीही करू नका’ या अर्थाचा पर्याय निवडला की झालं.

जॅक घट्ट आहे, आणि यातून एक गमतीशीर प्रकार होतो. पिन पूर्ण आत गेली नाही तर आवाज येतो, पण गाणाऱ्याचा गळा विहिरीच्या तळातून आल्यासारखा लांब जातो आणि बाजूची वाद्यं मात्र जवळ राहतात. ग्राउंडचा स्पर्श सुटला की डाव्या आणि उजव्या बाजूतला फरक तेवढा ऐकू येतो, आणि गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखाच असल्याने तो वजा होतो. असं झालं की ड्रायव्हर, इक्वलायझर यांच्या मागे लागायच्या आधी पिन दाबून पाहा, ‘टक’ होईपर्यंत. माइक असलेल्या हेडफोनच्या पिनेवर तीन काळ्या रेघा, म्हणजे चार भाग असतात. या डॅकला तशीच पिन लागते. दोन वेगळ्या पिनांचा जुना हेडसेट असेल तर दोनाची एक करणारा जोड घ्या, एकाचे दोन करणारा नव्हे. दिसायला दोन्ही सारखेच असतात.

आवाजाच्या दर्जाबद्दल विचाराल तर मदरबोर्डचा मागचा जॅक शांत असेल तेव्हा त्याच्यात आणि डॅकमध्ये मला फरक ओळखता येत नाही. खोक्यावरच्या मोठमोठ्या आकड्यांवर जाऊ नका. सीडीचा आवाज १६ बिट आणि ४४,१०० हर्ट्झचा असतो आणि माणसाच्या कानाला तो पुरतो. १९२ किलोहर्ट्झ वगैरे चालवायला यूएसबी ऑडिओ २ (यूएसबीवरून आवाज नेण्याची पुढची पद्धत) लागतं, ज्याचा ड्रायव्हर विंडोज १० मध्ये २०१७ च्या १७०३ आवृत्तीपासून आहे. माझ्या ३२ ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) हेडफोनला विंडोजचा आवाज १० वर ठेवला तरी भरपूर होतो, त्यामुळे पहिल्यांदा लावताना आवाज आधी खाली आणा, मग हेडफोन कानाला लावा. २५० ओहमचे स्टुडिओतले हेडफोन या डबीला झेपत नाहीत, आवाज बारीक येतो. त्यासाठी वेगळा ॲम्प्लिफायर असलेला मोठा डॅक पाहावा.

टिकाऊपणाबद्दल एकच काळजी आहे. डबीत जिथे केबल शिरते तिथलं रबर सैल पडू लागलंय आणि केबल वाकली की विंडोजचा जोडणी तुटल्याचा ‘डुडुम’ आवाज येतो. मागच्या पोर्टात लोंबकळत राहिल्याने सगळं वजन त्याच जागी येतं. आता एक छोटी यूएसबी एक्स्टेंशन केबल लावून डबी टेबलाच्या कडेला चिकटवली आहे, तेव्हापासून जोडणी तुटलेली नाही. पुढचा डॅक केबल वेगळी निघणाराच घेईन.