झाकणांचं कापड, छापील : दोन स्टार

आधीच सांगते, प्रिंट तसा वाईट नाहीये. लाल लालच आलाय, सोनेरी सोनेरी, फ्रेम सरळ, पॅकिंग तर असं की उघडायला अर्धा तास आणि एक नख गेलं. तरी दोनच स्टार देतेय.

एल अनात्सुई या शिल्पकाराच्या एका कामाचा कॅनव्हास प्रिंट ऑनलाइन मागवला, ६८ पाउंड. दुकानाचं नाव घालत नाही कारण असले प्रिंट विकणारी दुकानं ढीगभर आहेत. माझ्या प्रिंटच्या वर्णनात लिहिलं होतं 'प्राचीन आफ्रिकन वस्त्रकला'. आता गंमत बघा, प्राचीन नाही, माणूस १९४४ चा आहे. वस्त्र पण नाही, दारूच्या बाटल्यांची अ‍ॅल्युमिनियमची झाकणं आहेत ती. राहिलं काय तर आफ्रिकन, आणि ते म्हणजे कुठलं ते कोणी सांगायचं?

तर तो मूळचा घानाचा, अन्याको नावाच्या गावचा, एवे समाजातला. घरात केंटे विणायचे, वडील आणि काही भाऊ पण. केंटेची गोष्ट अशी की ते अख्खं रुंद कापड म्हणून मागावरून उतरतच नाही, हाताच्या पंजाएवढ्या अरुंद लांब पट्ट्या विणतात आणि मग त्या एकमेकींना शिवून मोठं कापड करतात. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणारे. कुमासीला आर्टचं शिक्षण झालं पण तिथे शिकवायचे सगळं युरोपचं, म्हणून हा तिथल्याच सांस्कृतिक केंद्रात जाऊन कारागिरांकडे बघत बसायचा, आदिंक्राचे, म्हणजे कापडावर छापायच्या चिन्हांचे, ठसे कसे उठवतात वगैरे. पुढे बाजारात माल मांडायचे लाकडी गोल ट्रे असतात ते घेतले आणि तापल्या सळईने त्यावर ती चिन्हं डागली. १९७५ ला नायजेरियात न्सुकाच्या युनिव्हर्सिटीत शिकवायला गेला, तिथे इग्बो बायकांची उली रेषा, जी त्या अंगावर आणि भिंतींवर काढायच्या, तिच्यावर आधीच काम चालू होतं, ते वातावरण पण मिळालं.

झाकणं आली नंतर, १९९८ च्या आसपास. न्सुकाजवळ कोणीतरी टाकून दिलेली झाकणांची पिशवी सापडली आणि बरेच दिवस ती स्टुडिओत नुसती पडून होती म्हणे. मग झाकण चेपायचं, कापायचं, पिळायचं, दुमडायचं, भोकं पाडायची आणि तांब्याच्या तारेने एकमेकांना टाके घालायचे. न्सुकाची पोरं बसून आधी छोटे छोटे तुकडे करतात आणि मग ते जोडून मोठं काम होतं. केंटेच्या पट्ट्या आठवल्या ना? आणि दारूच का, तर पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर युरोपियन व्यापारी ज्या मालाच्या बदल्यात माणसं घेऊन जायचे त्यात दारू पण होती, आणि त्या माणसांना पार अटलांटिकपलीकडे नेऊन ऊस पिकवून घ्यायचे, ज्याची परत रम. म्हणजे ते झाकण नुसतं चकचकतं म्हणून घेतलेलं नाहीये.

मी त्याचं मोठं काम बघितलं ते इथे लंडनला, टेट मॉडर्न या आर्ट म्युझियमच्या टर्बाइन हॉलमध्ये. ऑक्टोबर २०२३ ते एप्रिल २०२४ होतं, फुकट. तो हॉल म्हणजे जुन्या वीजकेंद्राचा, ३५ मीटर उंच, आत शिरलं की मान आपोआप मागे जाते. समोरच हवेत फुगलेलं भलंमोठं शीड, त्यावर लाल चंद्र. पुढे जाळीसारखे पातळ तुकडे लटकलेले, माणसांचे आकार वाटतात पण काही जुळत नाही, आणि चालता चालता एका ठरावीक जागी आलात की ते सगळे मिळून एक गोल होतो, पृथ्वी. मी ती जागा चुकवली, परत मागे आले, परत चुकवली, एका शाळकरी पोराने दाखवली. शेवटी काळी भिंत, वरून खालपर्यंत, तळाशी लाटांसारखी गोळा झालेली, आणि मागे गेलात तर चंदेरी आणि रंगीबेरंगी. काळ्या भिंतीच्या मागे असं काही असेल हे पुढून अजिबात कळत नाही. तिथे मी वीसेक मिनिटं नुसती उभी होते, पाय दुखायला लागले तेव्हा कळलं.

आणि इथेच प्रिंट मार खातो. अनात्सुईच्या बऱ्याच कामांना ठरलेला आकारच नसतो. दुमडून पेटीत जातात, आणि तिकडे लावणारी माणसं ठरवतात चुणी कुठे, झोल कुठे, खाली किती लोळू द्यायचं. हे त्याने मुद्दामच मोकळं ठेवलंय, या वेळी एक रूप, पुढच्या वेळी दुसरं. प्रिंटमध्ये एका दिवशीची एक चुणी कायमची अडकलीये. सावल्या पण छापलेल्या, डावीकडून उजेड आहे अशा, आणि माझा दिवा उजवीकडे, त्यामुळे रोज संध्याकाळी ते चित्र खोटं बोलतंय असं वाटतं. बरं कडा वेड्यावाकड्या असतात, लोंबतात, तीच तर मजा, ती या लोकांनी चौकोनात बसवायला चारी बाजूंनी कापून टाकली!! म्हणजे कापडाचं उरलं ते सोफ्याच्या कव्हरचं डिझाइन.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, गोधडी छानय गं, पण पांघरायची सोडून भिंतीला का ठोकलीस? मी हसले, पण तिने एका वाक्यात सांगितलं ते मला एवढं लिहून पण नीट जमलं नाहीये.

रंगाचा एक स्टार, पॅकिंगचा एक. ज्यांना फक्त भिंतीवर लाल-सोनेरी काहीतरी हवंय त्यांनी घ्या, खरंच चांगलं दिसेल. मी परत पाठवतेय. परत करायच्या फॉर्मवर कारणं दिलीत, साइज चुकली, डॅमेज होतं, रंग वेगळा, वर्णनाप्रमाणे नाही. शेवटच्यावर टिक केली, खाली लिहायला एकच ओळ होती, तिथे लिहिलं 'हे हलत नाही'.