‘आय-५ कॉम्प्युटर, कॅट-६ केबल, विंडोज ओरिजिनल’: एका कोटेशनची चिरफाड

करसल्लागाराचं बारा टेबलांचं ऑफिस. आयटीचा माणूस कुणी नाही. नेट अडकलं की पोरांपैकीच एखादा राउटर बंद-चालू करतो. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि त्याच सुमारास व्हेंडर दारात हजर. “साहेब, आता सगळंच बदलावं लागेल. ऐन रिटर्नच्या दिवसांत डेटा गेला तर काय कराल?” भीती खोटी नव्हती. उपाय मात्र लबाडीचा होता.

कोटेशन एका पानाचं. आय-५ कॉम्प्युटर १२ नग, विंडोज ११ प्रो ओरिजिनल, नेटवर्कची कॅट-६ केबल १ बॉक्स, गिगाबिट स्विच (सगळे पीसी केबलने जोडणारा डबा), राउटर सेटिंग, आणि शेवटी ‘इतर व मजुरी’. एकाही ओळीत कंपनीचं नाव नाही, मॉडेल नंबर नाही. ७० टक्के ॲडव्हान्स. या पानावर सही झाली तेव्हाच पैसे गेलेले होते.

केबलपासून सुरुवात करू, कारण ती एकदा फॉल्स सीलिंगच्या वर गेली की पुन्हा कुणी बघत नाही. बॉक्सवर ‘कॅट-६’ छापलेलं होतं, पण आत तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार. बाजारात तिला ‘सीसीए’ म्हणतात. कॅट-६च्या मानकात तार पूर्ण तांब्याचीच लागते, त्यामुळे सीसीए केबलवर काहीही छापलेलं असलं तरी ती कॅट-६ नव्हे. ॲल्युमिनियमचा रोध जास्त आणि तार ठिसूळ. आयओ बॉक्समध्ये, म्हणजे भिंतीवरच्या नेटवर्क सॉकेटमध्ये, एकदा पंच करून (खाचेत दाबून बसवून) काढली आणि पुन्हा पंच केली की तुटते, किंवा तुटायच्या बेतात राहते. मग केबलमधल्या तारांच्या चार जोड्यांपैकी एक कच्ची पडते आणि गिगाबिटची लाइन गुपचूप १०० मेगाबिटवर उतरते. याच केबलवर पीओई, म्हणजे केबलमधूनच वीज घेणारे, कॅमेरे लावले तर दिवसा ठीक चालतात आणि अंधार पडला की रीस्टार्ट होत राहतात. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, तो जास्त करंट ओढतो आणि लांब लाइनवर व्होल्टेज पडतं. व्हेंडर म्हणतो, “कॅमेरा खराब आहे, बदलून घ्या.”

ओळखायचं कसं? ब्लेडने एक तार खरवडा. आत पांढरी चकाकी दिसली तर ती सीसीएच. बॉक्स उघडायच्या आधी वजन करा. ३०५ मीटरच्या २३ गेज (तारेची जाडी) बॉक्समध्ये नुसतं तांबंच साडेपाच किलोच्या आसपास भरतं, प्लास्टिक वेगळं. सीसीएमध्ये धातू जेमतेम दोन-सव्वादोन किलो. त्यामुळे चांगल्या कंपनीच्या डेटाशीटमधलं वजन आणि समोरच्या बॉक्सचं वजन यांत तीन-चार किलोंची तफावत आली, तर बॉक्स परत पाठवा. केबल आधीच टाकलेली असेल तर मल्टिमीटर पुरतो. दोन्ही टोकं स्विचमधून आणि पीसीतून काढा, एका टोकाला एकाच जोडीच्या दोन तारा एकमेकींना जोडा आणि दुसऱ्या टोकाला त्याच दोन तारांमध्ये रोध मोजा. ४० मीटरच्या लाइनला तांबं असेल तर साडेपाच ते सात ओहम येतात. साडेसातच्या वर आकडा गेला तर ती लाइन मानकाबाहेर आहे. मीटरच्या पिनांचा स्वतःचा रोध आधी वजा करायला विसरू नका.

केबलच्या जॅकेटवर मीटरचे आकडे छापलेले असतात, तेही टिपून ठेवा. दोन टोकांच्या आकड्यांतला फरक म्हणजे लाइनची खरी लांबी. सगळ्या लाइनींची बेरीज केली की ३०५ मीटरपैकी किती भिंतीत गेली आणि किती व्हेंडरच्या गाडीत परत गेली ते कळतं. बिल अर्थातच पूर्ण बॉक्सचं लागतं.

आणि तो दिवे लावणारा स्वस्त टेस्टर! एक ते आठ दिवे ओळीने लागले की कारागीर “ओके” म्हणतो. तो टेस्टर फक्त तार या टोकाहून त्या टोकाला पोचली का एवढंच सांगतो. वेगवेगळ्या जोड्यांतल्या तारा चुकून एकत्र लावल्या असतील, तरी दिवे ओळीनेच लागतात आणि लाइन मात्र डेटा गाळत राहते. दोन्ही टोकांना एकच क्रम हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. कनेक्टर पारदर्शक असतो, डोळ्यांनी दिसतं.

आता ‘आय-५, नवा’. कॅबिनेट नवं, एसएसडी नवी, मदरबोर्डही कोऱ्या डब्यातून निघालेला. प्रोसेसर मात्र आय५-४५७०. डॅशनंतरचा पहिला आकडा पिढी सांगतो, म्हणजे हा चौथ्या पिढीचा, २०१३चा माल. नंबर पाच आकडी असेल तर पहिले दोन बघायचे: १२४०० म्हणजे बारावी पिढी. विंडोज ११ला इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. इथे इन्स्टॉल करताना ती तपासणीच वगळली होती. विंडोज १०पासून सुटका म्हणून पैसे मोजले आणि हाती आला विंडोज ११ला अपात्र ठरलेला पीसी. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयूचं नाव वाचायला अर्धं मिनिट लागतं, आणि ते पैसे देण्याआधी वाचायचं असतं.

याहून वाईट गोष्ट जुन्या पीसींची झाली. व्हेंडरने ते ‘भंगारात’ उचलले. त्यातले काही आठव्या-नवव्या पिढीचे होते. रॅम आणि एसएसडी टाकून त्यांच्यावर विंडोज ११ रीतसर चाललं असतं. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ फुकट मिळतं, ते आधी चालवलं असतं तर यादी तिथेच निम्मी झाली असती. शिवाय हार्ड डिस्क आतच राहिल्या. अशिलांचे पॅन, आधार, बँक स्टेटमेंट, सगळं गेलं. पीसी कुणालाही द्या, डिस्क काढून घेतल्याशिवाय देऊ नका.

‘ओरिजिनल’ विंडोज तपासायला कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि एसएलएमजीआर, एक स्पेस, स्लॅश डीएलव्ही टाइप करा. येणाऱ्या खिडकीत ‘रिटेल’ किंवा ‘ओईएम’ हवं. ‘व्हॉल्यूम केएमएसक्लायंट’ दिसलं तर थांबा. ती पद्धत स्वतःचा लायसन्स सर्व्हर असलेल्या मोठ्या कंपन्यांची. बारा टेबलांच्या ऑफिसात ती दिसली म्हणजे बहुतेक क्रॅक आहे. हे ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं, म्हणून मागे एखादं टूल चालू ठेवून ते वाढवत राहतात. अँटीव्हायरसने ते टूल पकडू नये म्हणून विंडोज सिक्युरिटीत त्या फोल्डरला सूट दिलेली असते. एक्सक्लुजन्सची यादी उघडा. ती रिकामी असायला हवी.

स्विचचं थोडक्यात: नेटवर्कच्या स्टेटसमध्ये स्पीड १ जीबीपीएस दिसत नसेल, तर एक तर स्विच १०/१००चा, म्हणजे १०० मेगाबिटपर्यंतचाच, आहे नाहीतर केबलची जोडी कच्ची आहे. एक चांगली पॅचकॉर्ड (कनेक्टर लावलेली तयार केबल) घेऊन पीसी थेट स्विचला लावला की दोष कुणाचा ते कळतं.

‘राउटर सेटिंग’ या दोन शब्दांमागे सगळ्यात मोठा धोका होता. साहेबांना घरून टॅली बघायची होती, म्हणून ३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा (दुरून पीसी चालवण्याचा) पोर्ट थेट इंटरनेटला उघडून दिला, पासवर्ड सर्व पीसींना एकच. रॅन्समवेअरवाले असे उघडे पोर्ट दिवसरात्र शोधत असतात. घरून काम हवं तर व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित खासगी मार्ग, लावून घ्या. राउटरचा ॲडमिन पासवर्ड स्वतःकडे घ्या आणि व्हेंडर गेला की बदला. प्रत्येक पीसीवर ॲनीडेस्कसारखं दुरून पीसी चालवणारं काही परस्पर आत येण्याच्या परवानगीसह बसवलंय का, तेही बघा.

बिल कच्चं होतं, “१८ टक्के वाचतील” म्हणून. करसल्लागाराच्याच ऑफिसात, हे विशेष! इनपुट क्रेडिट गेलं आणि वॉरंटीचा पुरावाही. जीएसटीचं बिल, त्यात प्रत्येक नगाचा सिरियल नंबर, आणि तो नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटीची तारीख. एवढं जुळल्याशिवाय दुसरा हप्ता सोडू नका. आमच्या मते ॲडव्हान्स ३० टक्क्यांच्या वर नसावा आणि २० टक्के पंधरा दिवस सगळं सुरळीत चालेपर्यंत हातात राहावेत.

फसलाच असाल तर एक कायदेशीर अडचण माहीत असू द्या. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यावसायिक कारणासाठी घेतलेली वस्तू बसत नाही. पोटापाण्याच्या स्वयंरोजगारासाठी घेतली असेल तरच अपवाद. एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्याला १९१५ या हेल्पलाइनवर विचारता येईल, पण भागीदारी फर्मने आधी वकिलाची नोटीस पाठवलेली बरी. पोलिसांकडे गेलात तर फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेचं ३१८. त्याआधी जॅकेटवरची छपाई दिसेल असा केबलचा फूटभर तुकडा कापून ठेवा, टास्क मॅनेजरचे आणि सिरियल स्टिकरचे फोटो तारखेसकट काढा, कोटेशनचे व्हॉट्सॲप मेसेज एक्सपोर्ट करा. “बदलून देतो” म्हणत व्हेंडर आला की पहिल्यांदा जुना माल उचलून नेतो.