एअर फ्रायर, काही महिन्यांच्या वापरानंतर : यंत्र चांगलं, जाळीच्या टोप्या भिकार

ओढून काढायची ४ लिटरची बास्केट, १५०० वॉट, ८० ते २०० अंश. हे आकडे खोक्यावर छापलेले असतात, ते इथे उगाळत नाही. लिहायला निमित्त झालं ते एका टोपीचं. बास्केटच्या तळाशी जी भोकांची जाळी बसते, तिच्या कडांना करंगळीच्या नखाएवढ्या चार सिलिकॉनच्या टोप्या असतात. कितीतरी जणांच्या त्या लक्षातही येत नाहीत, आणि धुताना त्यातली एखादी सिंकमधून वाहून गेली तरी कळत नाही.

टोपी गेली की जाळीची उघडी धातूची कड बास्केटच्या आतल्या भिंतीला टेकते. एअर फ्रायरमध्ये शिजवताना बास्केट दोन-तीनदा खळखळून हलवायची असते, आणि प्रत्येक वेळी ती कड त्याच जागी खरवडते. आधी केसासारखी रेघ दिसते, मग तिथला नॉनस्टिक थर पापुद्र्यासारखा सुटतो, मग खालचा धातू उघडा पडतो. पत्र्याची बास्केट असेल तर तिथेच गंज धरतो. दुसरा त्रास लगेच जाणवतो : टोप्या जाळीला घट्ट पकडून ठेवतात. त्या सैल झाल्या की बास्केट ताटात उपडी करताना जाळी आणि खाली साठलेलं कढत तेल दोन्ही पदार्थावर येऊन पडतं.

सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं : टोप्या सुट्या मिळत नाहीत, जाळीही सुटी मिळत नाही, अख्खी बास्केट घ्या. आणि कोटिंगचं नुकसान वॉरंटीत बसत नाही, ती म्हणे ‘वापरातली झीज’. चिमूटभर सिलिकॉनसाठी यंत्राचा सगळ्यात महाग भाग बदलायचा, म्हणजे नाकापेक्षा मोती जड. कंपनीचं नाव घेत नाही, कारण ही रचना एकट्या तिचीच नाही.

यावर उपाय आहे. जाळीच्या कडेची जाडी आणि टोपी बसते त्या खाचेची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा आणि त्या मापाच्या फूड ग्रेड सिलिकॉनच्या टोप्या ऑनलाइन शोधा. किमान २३० अंश सहन करतात असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या. साधं रबर, टेप, दोरा, गोंद यातलं काही चालत नाही : रबर वितळतं, आणि गोंदाचा वास अन्नात उतरतो. टोपी नवी असो वा जुनी, बसवण्याआधी खाच साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करा, कारण तिथल्या तेलकटपणामुळेच ती निसटते. धुऊन झाल्यावर आणि पदार्थ ताटात काढल्यावर टोप्या मोजायच्या. घरात लहान मूल असेल तर हा नियमच समजा. अन्नात पडलेली टोपी तळलेल्या कांद्यासारखी दिसते, आणि ती घशात अडकू शकते.

थर सुटला म्हणून घाबरून यंत्र फेकायचं का? टेफ्लॉनसारखा थर साधारण २६० अंशांच्या वर विघटित होऊ लागतो, आणि हे यंत्र २०० च्या आसपास थांबतं. गिळलेला पापुद्रा न पचता बाहेर पडतो. तेव्हा काळजी विषापेक्षा चिकटण्याची आणि गंजाची. ओरखडा भिंतीवर असेल तर चालवून घ्या. पापुद्रे जाळीवरच सुटू लागले तर जाळी बदला, ती सुटी मिळत नसेल तर नाइलाजाने अख्खी बास्केट.

थर लवकर जायची बाकीची कारणं वापरणाऱ्याच्या हातातली आहेत. धातूचा चिमटा आणि तारेची घासणी ही उघड कारणं. कमी माहीत असलेलं कारण म्हणजे फवाऱ्याच्या डब्यातलं तेल. त्यात बऱ्याचदा तेलासोबत लेसिथिन नावाचं द्रव्य असतं, ते तापून चिकट पिवळा पापुद्रा बनतं आणि तो साबणाने निघत नाही. मग माणूस जोर लावून घासतो आणि पापुद्र्याबरोबर थरही जातो. साधं तेल हाताने चोळा किंवा ब्रशने लावा. तापलेली बास्केट थंड पाण्याखाली धरायची नाही, धातू एकदम आकसतो आणि थर सुटा होतो. १५ मिनिटं तशीच ठेवा, मग कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण घालून आणखी १५ मिनिटं भिजू द्या. मऊ स्पंजने सगळं निघतं. पिवळे डाग बसलेच असतील तर खायच्या सोड्याची पातळ पेस्ट लावून अर्धा तास ठेवायची.

आता स्वयंपाकाबद्दल, आणि इथे मत बदललंय. सुरुवातीला वाटलं होतं की ‘फ्रायर’ हे नाव निव्वळ फसवं आहे, हा वर कॉइल आणि पंखा बसवलेला छोटा ओव्हन. रचना तशीच आहे. पण डबा लहान आणि पंखा जोरदार, त्यामुळे गरम हवा पदार्थावरची ओल झटपट उडवते, आणि ओल उडाल्याशिवाय पृष्ठभाग १०० अंशांच्या फार वर जात नाही, म्हणजे तांबूस होत नाही. मोठ्या ओव्हनच्या कृतीत तापमान २० अंशांनी आणि वेळ साधारण पाचवा हिस्सा कमी केला की बऱ्याचदा बरोबर बसतं. कढईतल्या तळणाची बरोबरी मात्र होत नाही : तेल पदार्थाला सगळीकडून भिडून उष्णता देतं, हवा तेवढी देऊ शकत नाही.

नवख्यांचं घोडं पेंड खातं ते बटाट्यापाशी. ५०० ग्रॅम बटाट्यांचे १ सेंटिमीटर जाडीचे तुकडे करा, थंड पाण्यात अर्धा तास ठेवा, मध्ये एकदा पाणी बदला. वरचा सुटा स्टार्च निघून जातो. तो राहिला तर तुकडे एकमेकांना चिकटतात. मग निथळून कापडावर अगदी कोरडे करा. याच पायरीत लोक घाई करतात. ओला तुकडा आधी वाफवला जातो आणि मऊच राहतो. एक टेबलस्पून तेल वेगळ्या भांड्यात चोळा. बास्केटमध्ये ओतलेलं तेल भोकांतून खाली जातं आणि नुसता धूर करतं. १६० अंशांवर १० मिनिटं, बास्केट हलवा, मग २०० वर ८ ते १० मिनिटं. पहिल्या टप्प्यात आतून शिजतात, दुसऱ्यात वरून कुरकुरीत होतात. मीठ शेवटी, नाहीतर पाणी सुटतं. फ्रीजमध्ये ठेवलेले बटाटे नकोत, थंडीत त्यांच्यातल्या स्टार्चची साखर होते आणि आतून शिजायच्या आधीच ते बाहेरून काळपट पडतात. सोनेरी रंगावर थांबायचं. १२० अंशांच्या वर पिष्टमय पदार्थांत अ‍ॅक्रिलामाइड हे आरोग्याला घातक ठरू शकणारं रसायन तयार होतं, आणि रंग जितका गडद तितकं ते जास्त.

फ्रीझरमधले तयार फ्राइज आधीच अर्धवट तळलेले असतात. ते विरघळू न देता तसेच टाका, वरून तेल नको. फ्लॉवरचे तुरे १८० वर १२ ते १५ मिनिटं. माशाचा २ सेंटिमीटर जाड तुकडा २०० वर ८ ते १० मिनिटं. हाडासकट चिकनच्या तंगड्या १९० वर २२ ते २५ मिनिटं, मध्ये एकदा उलटून; पण इथे घड्याळावर विसंबू नका, हाडाजवळ न टेकवता जाडसर भागात थर्मामीटर खुपसा आणि ७४ अंश दिसले तरच काढा. पातळ पिठात बुडवलेलं काहीही टाकू नका : पीठ जाळीतून गळतं आणि उरलेलं वाऱ्याने पसरतं. कुरकुरीत आवरण हवं असेल तर कोरडं पीठ, फेटलेलं अंडं, ब्रेडचा चुरा अशा क्रमाने घोळवा आणि चुऱ्यावर थोडं तेल लावा. चुरा कोरडा राहिला तर पांढराच राहतो.

लिटरच्या आकड्यावर जाऊ नका, तळाचं क्षेत्रफळ बघा. पदार्थ एका थरात मावला पाहिजे. उंच, गोल, ४ लिटरच्या बास्केटपेक्षा बसकी चौकोनी बास्केट जास्त कामाची. दोन थर रचले की खालचा वाफवतो, वरचा करपतो, आणि दोष यंत्राला दिला जातो. चार जणांसाठी दोन खेपा कराव्या लागतात, हे गृहीतच धरा. पहिली खेप ८० अंशांवर गरम ठेवता येत नाही, कारण बास्केट एकच. ही खरी अडचण, पण तिच्याबद्दल तक्रार नाही, ती घेतानाच दिसत असते.

सगळ्यात उपयोगी ठरलं ते उरलेलं अन्न गरम करणं, आणि ही अपेक्षा मुळीच नव्हती. १६० अंशांवर ३ ते ५ मिनिटं, आणि कालचं तळलेलं पुन्हा कुरकुरीत. मायक्रोवेव्हमध्ये तेच चामट होतं. वीजही किरकोळ लागते : १५०० वॉट सलग २० मिनिटं चालले तरी अर्धा युनिट, आणि थर्मोस्टॅट मधून मधून कॉइल बंद करतो म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी. थोड्याशा अन्नासाठी मोठा ओव्हन तापवण्याच्या हिशेबात तर हा चक्क काटकसरी.

कागदाबद्दल एक सूचना, कारण पुस्तिकेत ती बारीक अक्षरांत पडली आहे. रिकाम्या बास्केटमध्ये बेकिंग पेपर घालून यंत्र तापवू नका. पंखा कागद उचलतो, तो वरच्या कॉइलला चिकटतो आणि पेटतो. वर अन्नाचं वजन हवंच, आणि कागदाने सगळी भोकं झाकली तर हवा खेळत नाही, मग एअर फ्रायर घेण्यात अर्थच काय? ब्रेडचा हलका तुकडा आणि सुटी पालेभाजीही अशीच वर उडते.

पांढरा धूर आला तर तो खाली पडलेल्या चरबीचा. चरबीचं मांस करताना जाळीखाली दोन चमचे पाणी घाला, थांबतो. काळा धूर असेल तर आधी प्लग काढा, बास्केट लगेच ओढू नका; काहीतरी कॉइलवर जळत असतं. कॉइल कोणी पुसत नाही, आणि महिन्या-दोन महिन्यांनी येणारा जळकट वास बहुधा तिथलाच. प्लग काढून यंत्र पूर्ण गार करा, बास्केट काढून ते उलटं करा, मऊ ब्रशने सुटलेले कण झाडा, मग घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याने कॉइल पुसा. पाणी शिंपडायचं नाही, साबणाचा फवारा तर अजिबात नाही. कॉइल हाताला कोरडी लागेपर्यंत प्लग लावू नका.