मुंबईहून गावी परतताय? सिंधुदुर्गात मुलाला कुठल्या शाळेत घालाल?

मुंबईची खोली भाड्याने देऊन एखादं कुटुंब गावी परतलं की आठवड्याभरात प्रश्न येतोच: पोराला वाडीतल्या झेडपीच्या शाळेत घालायचं, दोन-तीन किलोमीटरवरच्या केंद्रशाळेत (आसपासच्या झेडपी शाळांच्या गटातली मुख्य शाळा), की व्हॅन लावून बाजारपेठेतल्या इंग्रजी माध्यमात? मग सगळे माध्यमावरून भांडत बसतात. माझं म्हणणं, इथे आधी पट विचारा, म्हणजे शाळेत मुलं किती ते. माध्यमाचं नंतर बघू.

कारण या जिल्ह्यात मुलंच कमी. २००१ ते २०११ या दहा वर्षांत सिंधुदुर्गाची लोकसंख्या पावणेनऊ लाखांच्या आसपास होती ती वाढायची सोडून साडेआठ लाखांखाली आली. शाळा मात्र वाडीवाडीत आहेत. शिक्षणहक्क कायद्याच्या हिशेबाने प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे पट बारा असो की पंचावन्न, कागदावर शिक्षक दोनच.

बारा पटाची शाळा कशी चालते ते एकदा सकाळभर बसून पाहिलं. एका खोलीत चार इयत्ता. पहिलीतले दोघे बाटल्यांची बुचं दहा-दहाच्या ढिगांत मांडत होते आणि चौथीतली एकुलती एक मुलगी त्यांचे ढीग तपासत होती. कुठलं पोर कुठे अडतं हे बाईंना वही न उघडता ठाऊक. एवढं लक्ष मुंबईत पैसे मोजूनही मिळत नाही. पण मधेच फोन आला, कसलीशी माहिती तातडीने ऑनलाइन भरायची होती, त्यात अर्धा तास गेला. दुसरे सर कुठे म्हणून विचारलं तर ती मुलगी म्हणाली, "सर मिटिंगेक गेलेत." तिच्याबरोबर चढाओढीने पाढे म्हणायला वर्गात दुसरं कोणी नव्हतं, हे मला फोनपेक्षा जास्त खटकलं. पहिली-दुसरीला अशी शाळा चांगलीच. तिसरीपासून मुलाला बरोबरीचे सोबती लागतात.

केंद्रशाळा बहुतेक ठिकाणी सातवीपर्यंत असते, त्यामुळे चौथीनंतर पुन्हा दाखल्यासाठी धावाधाव नाही. पट बरा, शिक्षक जास्त, एक मिटिंगला गेला तरी वर्ग उघडा पडत नाही. सेमी इंग्रजी असेल तर गणित आणि विज्ञान इंग्रजीतून होतं. पुस्तकं आणि दुपारचं जेवण झेडपीच्या दोन्ही शाळांत सारखंच: पाचवीपर्यंत रोज १०० ग्रॅम तांदूळ, पुढे आठवीपर्यंत १५०. अडचण रस्त्याची. जुलैत वहाळ भरला की अर्धी वाडी घरी. तुमच्या वाटेवर साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, आहे का, हे शाळेत नाही, शेजाऱ्यांना विचारा. वाट धड असेल तर माझी पसंती हीच.

इंग्रजी माध्यमात मराठी सुटेल ही भीती अर्धीच खरी. २०२० च्या कायद्याने दहावीपर्यंत मराठी सक्तीची आहे. खरा प्रश्न शिक्षक टिकतात का हा. माझ्या भाचीला तीन वर्षांत चार वर्गशिक्षिका झाल्या आणि घरचा अभ्यास शेवटी शिकवणीवर गेला. तेव्हा फी विचारताना व्हॅन आणि शिकवणीही धरा. शिक्षणहक्क कायद्याने वंचित आणि दुर्बल घटकांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांतून प्रवेश मिळाला तर आठवीपर्यंत फी नाही, पण व्हॅनवाला काही फुकट नेत नाही. घरात कोणी इंग्रजीतून अभ्यास घेणारं असेल तर मात्र या शाळेचा विचार जरूर करा.

माध्यमिकची तुलना करताना "दहावीचा निकाल १०० टक्के" या फलकाला भुलू नका. २०२४ मध्ये अख्ख्या कोकण विभागाचा निकाल ९९.०१ टक्के होता. असा फलक लावता येत नाही अशी शाळा शोधणंच कठीण. त्यापेक्षा प्रयोगशाळेच्या कुलपाला गंज आहे का ते पाहा.

सांगेलीचं नवोदय विद्यालय, म्हणजे केंद्र सरकारची शाळा, हे वेगळंच प्रकरण. सहावीपासून निवासी, सीबीएसई, जागा ८०, त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांना. त्या कोट्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागते, आणि प्रवेशपरीक्षा मराठीतून देता येते. बाजारपेठ नगरपंचायतीच्या हद्दीत असेल तर इंग्रजी माध्यम निवडताना हा कोटा हातचा जातो, हे आधी कोणी सांगत नाही.

शाळा बघायला जूनमध्ये जाऊ नका, तेव्हा सगळीकडे प्रवेशोत्सव आणि फुगे असतात. गावच्या कुणाकडे तरी राहून प्रवेशाच्या आधीच्या वर्षी जुलैत जा, न सांगता, जेवणाच्या सुट्टीआधी तासभर. हजेरीपटावर किती आणि बाकावर किती, ते मोजा. आणि व्हॅनची शाळा ठरत असेल तर एकदा सकाळी त्या व्हॅनमध्ये बसून शाळेपर्यंत जाऊन या.