पडवीतले सहा आठवडे आणि मर्लिन नावाचे ॲप

मृगाच्या पहिल्या सरींनी परसातल्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरले आणि त्याच आठवड्यात, दोरीवरचे कपडे काढायला धावताना, माझा उजवा पाय घोट्यात मोडला. प्लास्टर सहा आठवड्यांचे होते. आमचे घर फोंडा तालुक्यात, सावईवेऱ्याच्या बाजूला आहे. पुढे पडवी, मागे कुळागर, म्हणजे पोफळी-केळींची बाग, आणि कुळागराच्या कडेने वाहणारा व्हाळ. आषाढात इथे धडधाकट माणूसही अर्धा दिवस घरातच असतो, त्यामुळे पाय मोडला म्हणून जगापासून फार तुटले असे झाले नाही. पण उरलेल्या अर्ध्या दिवसाचे करायचे काय, हा प्रश्न तिसऱ्याच दिवशी उभा राहिला. भेटायला येणारा प्रत्येक जण एक उद्योग सुचवून जात होता. पोथीचे पारायण, लोकरीचे विणकाम, शब्दकोडी आणि मालिका हे चारही मी प्रामाणिकपणे करून पाहिले. मालिका संपल्या नाहीत, माझा उत्साह तेवढा पाच दिवसांत संपला. विणकामाला हात बसेना. शब्दकोडी सुटत होती, पण सुटलेल्या कोड्याचे पुढे काहीच होत नाही, ही त्यांची मोठी उणीव आहे.

फर्मागुढीला अभियांत्रिकी शिकणारा माझा भाचा एका रविवारी आला आणि त्याने माझ्या फोनवर मर्लिन बर्ड आयडी हे पक्षी ओळखून देणारे ॲप घालून दिले. या लेखात त्याचेच परीक्षण आहे. मी पक्षीनिरीक्षक नाही, दुर्बीण कधी हातात धरलेली नाही, आणि ज्या दृष्टीने मी ते वापरले ती एकच होती: एका जागी बसलेल्या माणसाला त्यातून दिवस सार्थकी लावणारा उद्योग मिळतो की नाही.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेने हे ॲप २०१४ साली आणले. सुरुवातीला त्यात उत्तर अमेरिकेतलेच पक्षी होते. आता भारतासह जगाच्या बहुतेक भागांतले आहेत. ते विनामूल्य आहे आणि त्यात जाहिराती नाहीत, ही गोष्ट आजच्या काळात वेगळी नोंदवावी लागते. ॲप उतरवल्यावर आपल्या प्रदेशाच्या पक्ष्यांचा संच वेगळा उतरवून घ्यावा लागतो. तो बराच जड असतो, म्हणून हे काम वीज आणि वायफाय दोन्ही शाबूत असलेल्या दिवशी उरकावे. एकदा संच फोनमध्ये आला की ओळख पटवण्यासाठी इंटरनेट लागत नाही. आमच्याकडे जोराचा वारा सुटला की आधी वीज जाते आणि मागोमाग फोनचा सिग्नल जातो, तेव्हा या सोयीचे मोल मला पहिल्याच आठवड्यात कळले.

फोटोवरून पक्षी ओळखणे आणि काही प्रश्नांच्या उत्तरांवरून ओळखणे अशा दोन सोयी त्यात आहेत. त्यांविषयी मी थोडक्यातच लिहिते, कारण खुर्चीत बसून फोनच्या कॅमेऱ्यात येतात ते फक्त कावळे. प्रश्नांची पद्धत मात्र गमतीची आहे. पक्षी कुठे व केव्हा दिसला, चिमणीएवढा होता की कावळ्याएवढा, रंग कोणते आणि तो काय करत होता, एवढे सांगितले की त्या भागात त्या दिवसांत संभवणाऱ्या पक्ष्यांची यादी चित्रांसह समोर येते. जगभरचे लोक आपल्या नोंदी ज्या ईबर्ड नावाच्या व्यवस्थेत २००२ सालापासून जमा करत आले आहेत, तिच्या आधारे हे संभव ठरतात. आपण फोंड्यात जुलै महिन्यात पाहिलेला पक्षी हा हिवाळ्यातच येणारा पाहुणा असेल, तर तो यादीत वर येत नाही.

खरी चीज आहे ती आवाजावरून ओळख पटवण्याची सोय. ती २०२१ साली आली. फोन पडवीच्या कठड्यावर ठेवून बटण दाबले की पडद्यावर आवाजाचे चित्र सरकू लागते. आडव्या दिशेने काळ पुढे जातो, उभ्या दिशेने आवाजाची पट्टी चढते. तांबटाची टुक् टुक् एकसारख्या अंतरावर पडलेल्या ठिपक्यांसारखी उमटते, दयाळाची शीळ वळणे घेत जाणाऱ्या रेघेसारखी दिसते आणि सातभाईंचा कलकलाट म्हणजे शाळकरी पोराने पेन्सिलीने गिरबटलेला कागद. ॲप आवाज ऐकते असे आपण म्हणतो, परंतु प्रत्यक्षात ते या चित्राचे आकार ओळखते. हजारो ध्वनिमुद्रणांवर त्याला तसे शिकवलेले आहे. नाव पडद्यावर आले की तोच पक्षी पुन्हा बोलताच ते नाव उजळते. सगळे ध्वनिमुद्रण साठवून ठेवता येते आणि नंतर एखाद्या नावावर बोट ठेवले की तो पक्षी नेमका कुठे बोलला तिथपासून ऐकता येते. रात्री वीज नसताना, दिवसभराचे कुळागर असे पुन्हा ऐकत बसणे हा माझा आवडता उद्योग झाला होता.

पहिले चार दिवस मात्र मी त्याचा अगदी वाईट उपयोग केला. सकाळी बटण दाबायचे, पंधरा मिनिटांत बारा नावे जमवायची आणि समाधानाने चहा प्यायचा. पाचव्या दिवशी फोन चार्जिंगला होता आणि समोरच्या फणसावर कोणी तरी बोलत होते. कालच ज्याचे नाव मी पाहिले होते त्याचा आवाज मला ओळखता येईना. यादी फोनला पाठ होती. मला काहीच येत नव्हते.

तेव्हा मी पद्धत बदलली. एक दोनशे पानी वही घेतली, आधी पाच मिनिटे नुसते ऐकायचे, आवाज आपल्या अक्षरांत उतरवायचा, कोण असेल याचा अंदाज लिहायचा, आणि त्यानंतरच ॲप उघडायचे. अंदाज व उत्तर जुळले तर एक टिंब, चुकले तर फुली. पहिल्या पानावर सतरा फुल्या आहेत. तिसऱ्या आठवड्यात टिंबे फुल्यांच्या पुढे गेली. पक्ष्यांची नावे मी ॲपमध्ये इंग्रजीच राहू दिली, कारण त्यांची मराठी नावे आठवून आणि विचारून वहीत लिहिणे हा त्या उद्योगातला अर्धा आनंद होता. मारुती चितमपल्ली यांनी पक्ष्यांच्या देशी नावांचा जो कोश केला, त्यामागे किती जणांना विचारत फिरावे लागले असेल याची पुसटशी कल्पना मला खुर्चीत बसून आली.

मला विचारायला माणूस घरातच होते. सासूबाईंचे वय चौऱ्याऐंशी, माहेर सावंतवाडीकडचे, आणि दृष्टी अधू झाल्यापासून त्या कानांवरच जगतात. ॲपने ‘कॉमन हॉक कुकू’ असे नाव दाखवले तेव्हा मी ते त्यांना वाचून दाखवले. त्यांनी आवाज ऐकला आणि हा पावशा, तो ‘पेरते व्हा’ सांगतो आहे, असे म्हणून वाती वळणे पुढे चालू ठेवले. इंग्रजांना याच आवाजात ‘ब्रेन फीव्हर’ असे ऐकू आले, म्हणजे मेंदूचा ताप. एकाच पक्ष्याने एकाला शेतीची आठवण करून द्यावी आणि दुसऱ्याला आजाराची, यात ज्याच्या त्याच्या पावसाळ्याचा इतिहास आहे. भारद्वाजाला त्या कुंभारकावळा म्हणतात. केळीच्या बुंध्यांमागून येणारा त्याचा घुमणारा आवाज इतका खालच्या पट्टीतला असतो की चित्रात तो अगदी तळाशी रेंगाळतो.

कुळागरात सर्वांत जास्त बोलतो तो पांढऱ्या गालाचा तांबट. कुटुर्र, कुटुर्र असे तो सुरू झाला की दुसरा उत्तर देतो, तिसरा मध्येच शिरतो, आणि हे तासन् तास चालते. तो पानांत पानासारखाच हिरवा असल्यामुळे सहा आठवड्यांत मला तो दोनदाच दिसला. मलबारी राखी धनेशाचे नाव ॲपने पहिल्यांदा दाखवले तेव्हा मला ध्यानात आले की लग्न होऊन आल्यापासून, म्हणजे एकतीस वर्षे, मी तो आवाज कोणा तरी बाईचे खिदळणे समजत होते आणि तिच्याविषयी माझे मत फारसे चांगले नव्हते. सर्वांत मोठा लाभ मात्र मलबारी शीळकरी कस्तुराचा. उजाडण्यापूर्वी, पाऊस भुरभुरत असताना, व्हाळाच्या बाजूने एखादा मुलगा सूर न सापडता उगाच शीळ घालत जावा तसा तो गातो. पावसाळा हाच त्याचा गाण्याचा हंगाम. गोव्याचा राज्यपक्षी, लालभडक कंठाचा पिवळा बुलबुल, माझ्या वहीत आला नाही. तो जंगलाच्या कडेने राहणारा आहे, आणि मी पडवी सोडून जाऊ शकत नव्हते.

आता मर्यादा. हे ॲप पावसातून ऐकू शकत नाही, आणि ते स्वाभाविक आहे, कारण पत्र्यावर पडणारा पाऊस चित्राची सगळी पाटी भरून टाकतो. मिक्सर, पंखा, शेजारचे गवत कापण्याचे यंत्र यांचेही तेच. सर ओसरल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटे सर्वांत चांगली; तेव्हा पक्षीही मोकळे होऊन बोलतात. फोन कठड्यावर ठेवावा, हातात धरू नये. बोटांची खसखस आपल्याला जाणवत नाही, त्याला जाणवते. सगळ्याच भारतीय पक्ष्यांचे आवाज त्याला अजून येत नाहीत, म्हणून त्याचे मौन हा पुरावा मानू नये.

नकलाकारांपुढे तर कान असलेल्या माणसाचीही तारांबळ उडते. शेपटीला दोन लांब तारा आणि त्यांच्या टोकांना पाने असलेला भृंगराज कोतवाल इतर पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो. एका सकाळी मी घाईघाईने वहीत चार नावे लिहून मोकळी झाले, मान उंच करून पाहिले तर पोफळीवर हा एकटाच बसलेला. आवाजाचे चित्र बरोबर असून पक्षी वेगळा असू शकतो, हे ॲपला कळण्याचे कारण नाही, ते मला कळायला हवे होते. ती चार नावे मी खोडली नाहीत, त्यांच्यापुढे ‘कोतवाल’ असे लिहून ठेवले आहे. ज्यांना दुर्मीळ पक्ष्यापुढे दिसणारा लाल ठिपका पाहून उचंबळून येते, त्यांनी तो ठिपका म्हणजे शंका घेण्याची सूचना आहे असेच समजावे.

एक गोष्ट टाळावी, जी मी केली. प्रत्येक पक्ष्याचे नमुन्याचे आवाज ॲपमध्ये ऐकता येतात. कौतुकाने मी दयाळाची शीळ मोठ्या आवाजात लावली, तर आमच्या अंगणातला दयाळ शेपटी ताठ उभी करून कठड्यापर्यंत आला आणि फोनभोवती कितीतरी वेळ थयथयाट करत राहिला. त्याच्या हद्दीत दुसरा नर शिरला असे त्याला वाटले होते. ते विणीचे दिवस होते, जवळच्याच भोकात त्याचे घरटे असावे, आणि पिलांना भरवण्याचा त्याचा वेळ माझ्या करमणुकीत गेला. त्यानंतर नमुने मी घरात, दार लावून ऐकले.

घरात अडकलेल्या कोणाला हे सुचवावे का, असे मला विचारले जाते. ज्यांना नावांची यादी वाढवायची आहे त्यांचे मन यात आठवडाभर रमेल आणि मग यादी वाढेनाशी होईल, कारण एका पडवीतून ऐकू येणारे पक्षी मोजकेच असतात. माझ्या वहीत सहा आठवड्यांअखेर अडतीस आहेत आणि त्यांतले तीस पहिल्या बारा दिवसांतले आहेत. ज्यांना तोच तांबट रोज ऐकूनही कंटाळा येत नाही त्यांच्यासाठी मात्र हा खर्चाविना मिळणारा, उठबस न करता होणारा उद्योग आहे. बाराव्या मजल्यावरच्या बंद काचेमागे त्याचा फारसा उपयोग नाही. मडगावात किंवा पणजीत एखादे आंब्याचे झाड आणि उघडी खिडकी असली तरी पुरे. ऐकू कमी येणाऱ्यांनाही ते उपयोगी पडावे असे मला वाटते, कारण हरवलेला आवाज पडद्यावर निदान दिसतो.

प्लास्टर निघण्याच्या आधीच्या आठवड्यात रोज दिवेलागणीनंतर व्हाळाच्या बाजूने एक आवाज येऊ लागला: टक्, टक्, टक्, मग थांबा, मग पुन्हा टक्, टक्. माझा अंदाज रातवा, रात्री बोलणारा पक्षी. चार संध्याकाळी मी फोन लावून ठेवला, ॲप एक अक्षर बोलेना, आणि मी वहीत ‘रातवा, संच अपुरा’ अशी नोंद केली. पाचव्या दिवशी सासूबाईंना खुर्चीसकट पडवीच्या टोकाला नेऊन बसवले. त्यांनी थोडा वेळ ऐकले, आणि तो बेडूक आहे, एवढे सांगून आत न्यायला सांगितले.