क्लॉज टॅगर: उत्तरपत्रिका तपासायला नको, शंका शोधायला घ्या

इंग्रजी वाक्यातल्या शब्दांच्या जाती सांगणारी साधनं ढिगाने आहेत. त्यांतलं इंग्रजीच्या शिक्षकाने हाताशी ठेवावं असं एक म्हणजे इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठाचं क्लॉज. १९८०च्या दशकापासून त्यावर काम चालू आहे, आणि ब्रिटिश नॅशनल कॉर्पस या इंग्रजी मजकुराच्या मोठ्या संग्रहातल्या सुमारे १० कोटी शब्दांना जाती लावल्या त्या यानेच. वेबवर ते फुकट वापरता येतं.

मजकूर चिकटवायचा, सी५ किंवा सी७ यांपैकी खुणांचा (म्हणजे जातींच्या संक्षिप्त नावांचा) एक संच निवडायचा, बटण दाबायचं. सी५मध्ये साठेक खुणा, सी७मध्ये त्याच्या दुपटीहून जास्त. शिकवणाऱ्याने सी७च घ्यावा आणि मांडणी उभी, म्हणजे दर ओळीत एक शब्द अशी, ठेवावी. आडव्या मांडणीत शब्दाला फक्त खूण चिकटून येते. उभ्यात मात्र क्लॉजने विचारात घेतलेल्या इतर जातीही टक्क्यांसह दिसतात. ९९-१ असेल तर पुढे जा. ६०-४० दिसलं की तो शब्द फळ्यावर घ्या. साधनाची खरी किंमत इथे वसूल होते.

उदाहरण ‘अप’चं. ‘ही रॅन अप द हिल’मध्ये ते शब्दयोगी अव्यय, खूण आयआय. ‘ही रॅन अप अ बिल’मध्ये क्रियापदाला जोडलेलं अव्यय, खूण आरपी. दोन्ही वाक्यांची ठेवण जवळजवळ तीच. क्लॉज शेजारच्या जातींच्या शक्यतेवर निर्णय घेतं, अर्थावर नाही, म्हणून अशा जागी ते चुकू शकतं. माणसाची कसोटी सोपी: ‘अप’ शेवटी सरकवून बघा. ‘रॅन अ बिल अप’ चालतं, ‘रॅन द हिल अप’ कानाला खटकतं.

अचूकता साधारण ९६ ते ९७ टक्के. ऐकायला भरपूर, पण २० शब्दांच्या वाक्यात एखादी चूक निघणं काही नवल नाही. ‘-ईडी’ लागलेल्या रूपांत भूतकाळ (व्हीव्हीडी) की धातुसाधित (व्हीव्हीएन), ‘-आयएनजी’ रूपांत नाम, विशेषण की क्रियापद, हे हमखास तपासा. वर्तमानपत्री मथळे, विरामचिन्हं नसलेला मजकूर, स्पेलिंगच्या चुका यांनी गोंधळ वाढतो. तलाठी, सरपंच असले शब्द क्लॉजच्या कोशात नसले तर ते शेवटच्या अक्षरांवरून अंदाज बांधतं, आणि अंदाज चुकला तर शेजारचा शब्दही सोबत वाहून जातो.

शाळेतल्या आठ जाती मात्र इथे जशाच्या तशा शोधू नका. ‘धिस बुक’मधलं ‘धिस’ आपण दर्शक विशेषण म्हणतो, ‘धिस इज माय बुक’मधलं सर्वनाम, क्लॉज दोन्हींना डीडी१ ही एकच खूण लावतं. ही त्याची चूक नव्हे, त्याचा हिशेबच वेगळा आहे. परीक्षेत हा फरक विचारला तर क्लॉज उपयोगाचं नाही, आणि आठवीच्या मुलाच्या हाती ते थेट देण्यात तर काहीच अर्थ नाही.

एक गोष्ट मात्र झकास. ‘इन स्पाइट ऑफ’चे तीन तुकडे ते तीन वेगळ्या जातींत फोडत नाही. आयआय३१, आयआय३२, आयआय३३ अशा खुणा देतं: पहिला आकडा एकूण शब्दांचा, दुसरा त्यातल्या क्रमाचा. ‘स्पाइट’ला नाम म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला ह्या तीन ओळी दाखवाव्यात.