सफरचंद खाल्लं म्हणून मी माफी मागितली

रात्री साडेअकराला, स्वयंपाकघरातला दिवा न लावता, मी एक सफरचंद खाल्लं. चावताना आवाज होऊ नये म्हणून आधी बारीक फोडी केल्या. मग मोबाईल उघडून, वजन कमी करायच्या ज्या प्लॅनमध्ये मी होते त्याच्या ग्रुपवर लिहिलं, "सॉरी सर, आज माझ्याकडून चीट झालं. एक सफरचंद." दोन मिनिटांत प्लॅन चालवणाऱ्या सरांचं उत्तर आलं, "मॅडम, प्रामाणिकपणा आवडला. पण आजची सगळी मेहनत पाण्यात गेली." त्याखाली ग्रुपमधल्या बायकांनी हात जोडलेल्या चित्रांची रांग लावली.

माझं वय ४३. मी लेखापाल आहे. दुसऱ्यांच्या हिशेबातली चूक हुडकून काढणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा, आणि मी एका फळासाठी परक्या माणसाची माफी मागत होते. हे लिहिताना अजून कानशिलं तापतात. तरी लिहितेय, कारण यातला प्रत्येक डाव साधा होता आणि एकही मला वेळेवर दिसला नाही.

सुरुवात झाली त्यांच्याकडच्या मोफत 'बॉडी अ‍ॅनालिसिस'ने. ऑफिस सुटल्यावर गेले होते, दुपारचं जेवण आणि संध्याकाळचं खाणं पोटात, अंगावर जाड कपडे. यंत्राच्या दांड्या धरून उभं राहायचं, की एक कागद बाहेर येतो. माझ्या कागदावर शरीराचं वय ५८ आलं होतं. हे यंत्र अंगातून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडतं, त्याला किती अडथळा होतो यावरून शरीरातल्या पाण्याचा अंदाज बांधतं आणि पाण्यावरून चरबीचा. म्हणजे चरबी ते मोजत नाहीच, आकडेमोड करून काढतं. पाणी जास्त प्यायलं, नुकतं जेवलं, घाम गाळून आलं, की आकडा हलतो. हे मला पुढे कळलं. त्यानंतरची माझी सगळी मोजमापं पहाटे, उपाशीपोटी, हलक्या कपड्यांत झाली हेही पुढेच लक्षात आलं. आता घरच्या काट्यावर बघते, तर एकाच दिवशी पहाटे आणि संध्याकाळी माझ्या वजनात किलोभराचा फरक सहज पडतो. त्यांची पहिली 'प्रगती' तिथेच तयार होती.

मग प्रश्नावली. "फळं किती खाता?"

"दोन. कधी तीन."

सरांनी पेन खाली ठेवलं. "इथेच तर गडबड आहे. फळात फ्रुक्टोज असतं. ते थेट लिव्हरमध्ये जातं आणि त्याची चरबी होते. तुम्ही रोज साखर खाताय मॅडम, फक्त साल असलेली."

हे धादांत खोटं असतं तर मी उठून आले असते. फ्रुक्टोजवरची प्रक्रिया मुख्यतः यकृतातच होते, हे बरोबर आहे. गोड पेयांमधून ते रोज भरमसाट गेलं तर यकृतात चरबी साठू शकते, हेही बरोबर. पण मध्यम आकाराच्या एका सफरचंदात सगळी मिळून १९ ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि फ्रुक्टोज त्यातलं निम्म्याहून थोडं अधिक. सोबत सव्वाचार ग्रॅम चोथा आणि दीडशे ग्रॅम पाणी. ते चावून संपवायला वेळ लागतो, पोट भरतं, साखर सावकाश रक्तात उतरते. तीन सफरचंदं सलग खाऊन बघा, चौथ्याकडे हात जाणार नाही. सरांनी बाटलीबंद पेयाचा दोष फळाच्या नावावर मांडला. आमच्या भाषेत सांगायचं तर नोंद खरी, खातं चुकीचं.

फळं बंद, धान्य जवळजवळ बंद. जोडीला नियमांची माळ होती: सूर्य मावळल्यावर फळाचं नाव काढायचं नाही, जेवणानंतर खाल्लेलं फळ पोटात सडतं, वगैरे. पोटातल्या आम्लात काही सडत नाही आणि संत्र्यातल्या कॅलरी घड्याळ बघून वाढत नाहीत. पण नियम जितके जास्त तितकं शास्त्र जास्त, असं तेव्हा वाटायचं.

दहाव्या दिवशी ३.२ किलो कमी. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले आणि त्याच उत्साहात मी तीन महिन्यांचं पॅकेज एकरकमी भरलं. एकरकमीवर सूट होती ना!

तो हिशेब मी तेव्हा केला असता तर? एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. ३.२ किलो म्हणजे चोवीस हजारांच्या वर. दहा दिवसांनी भागा, रोजची तूट जवळपास अडीच हजार कॅलरी. माझ्या शरीराचा दिवसाचा एकूण खर्चच त्याहून कमी आहे. दहा दिवस नुसती हवा खाऊन राहिले असते तरी एवढी चरबी जळली नसती. मग गेलं काय? पाणी. पिष्टमय पदार्थांचा काही साठा शरीर ग्लायकोजेनच्या रूपात स्नायूंत आणि यकृतात ठेवतं, आणि त्याच्या दर ग्रॅमला अंदाजे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. धान्य आणि फळं एकदम तोडली की साठा उपसला जातो, पाणी निघून जातं आणि काटा झरझर उतरतो. पुन्हा नेहमीसारखं खाल्लं की तितकंच परत येतं. असल्या प्लॅनची पैसे भरायची वेळ दहाव्या दिवशी का येते आणि चाळिसाव्या दिवशी का नाही, त्याचं उत्तर हे.

तिसऱ्या आठवड्यात काटा थांबला. थांबणारच होता. पण तोवर माझी सफरचंदं सुरू झाली होती, आधी एक, मग एक दिवसाआड. कारण मलाच सापडलं होतं, त्यामुळे दुसरं कुणी शोधायचा प्रश्नच आला नाही. सर म्हणाले, "फळांची सवय सुटत नाहीये, हरकत नाही. आपल्याकडे फळांच्या अर्काची पावडर आहे. फळाचं सगळं सत्त्व, साखर वगळून." ती पॅकेजमध्ये नव्हती, वेगळी घ्यायची होती. घेतली.

डब्यावरचा मजकूर मी दोन महिन्यांनी वाचला. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, जे सर्वांत जास्त ते पहिलं. पहिलं नाव होतं माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून बनवलेली पूड, जी साखरेइतक्याच वेगाने रक्तात उतरते. 'साखरविरहित' लिहायला मात्र तिची अडचण नसते. फळांचा अर्क खालून तिसरा, कृत्रिम स्वादाच्याही नंतर. एका वाट्याला ११५ कॅलरी, दिवसातून तीनदा. म्हणजे मी एक सफरचंद पाप म्हणून नोंदवत होते आणि साडेतीन सफरचंदांइतक्या कॅलरी औषध म्हणून पीत होते.

त्यानंतरचं वळण आठवलं की आता हसू येतं. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी फळं अचानक चांगली झाली! सात दिवसांचा 'फ्रूट डिटॉक्स', रोज २५० मिलिलिटरच्या सहा बाटल्या, बाकी काही नाही. मी विचारलं, "सर, फ्रुक्टोजचं काय?" म्हणाले, "रसात ते अ‍ॅक्टिव्ह फॉर्ममध्ये असतं." मी मान डोलावली. हे मान डोलावणं मला अजून माफ करता आलेलं नाही.

खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. रस काढला की चोथा जवळजवळ सगळा मागे राहतो आणि साखर राहते. दीड लिटर रसात साधारण दीडशे ग्रॅम साखर होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अख्ख्या फळातली साखर मर्यादेत मोजायची नसते, पण रसातली साखर मात्र मधासारखी, पाकासारखीच मोजायची असते. मर्यादा रोजच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्के, म्हणजे दोन हजार कॅलरी घेणाऱ्याला ५० ग्रॅम. मी तिप्पट घेत होते, आणि तेही शरीर शुद्ध होतंय या समजुतीत. शरीराची साफसफाई यकृत आणि मूत्रपिंडं बारा महिने करतात, त्यांना बाटल्यांची मदत लागत नाही. त्या आठवड्यात दोन किलो गेले, कारण दिवसाला कशाबशा सातशे कॅलरी पोटात जात होत्या आणि आतडी रिकामी होती. पाच दिवसांत ते दोन्ही परतले.

शेवटी गोळ्या आल्या. 'शंभर टक्के नैसर्गिक, फळजन्य.' डब्यावर मोठ्या अक्षरांत गार्सिनिया. हे खरंच एक फळ आहे आणि त्याच्या सालीतल्या आम्लाचा वजनासाठी मोठा गवगवा झाला होता. १९९८ साली १३५ लोकांवर बारा आठवडे त्याची चाचणी झाली. अर्ध्यांना अर्क, अर्ध्यांना नुसत्या बिनऔषधी गोळ्या. अर्कवाल्यांचं वजन काही जास्त घटलं नाही. शिवाय गार्सिनिया असलेल्या उत्पादनांनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. मला तिसऱ्या दिवसापासून धडधड, कोरडं तोंड, रात्रभर टक्क डोळे. "चरबी वितळतेय, लक्षण चांगलं आहे," सर म्हणाले. डॉक्टरांनी डबा बघून सगळं त्याच दिवशी बंद करायला लावलं. हृदयाला धोका म्हणून २०१० मध्ये युरोप आणि अमेरिकेच्या बाजारातून काढून घेतलेलं सिबुट्रामीन हे औषध 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या बारीक होण्याच्या गोळ्यांत चोरून मिसळलेलं वारंवार सापडलंय, हे त्यांच्याकडूनच कळलं. माझ्या गोळ्या मी तपासून घेतल्या नाहीत, म्हणून तो आरोप करत नाही. धडधड मात्र गोळ्या थांबवल्यावर तीन दिवसांत गेली.

मी उरलेल्या पैशांची मागणी केली. करारात परताव्याचं कलम होतं, मी ते वाचलंही होतं: 'प्लॅनचं काटेकोर पालन केलेल्या सदस्यांनाच.' दोन दिवसांनी त्यांच्याकडून एक फाइल आली. त्यात माझे अकरा संदेश, तारीखवार, वेळेसकट. "सॉरी सर, आज अर्धं केळं." "सॉरी सर, मुलाच्या ताटलीतली चार द्राक्षं." आणि सर्वांत वर ते रात्री साडेअकराचं सफरचंद. इतका नेटका तक्ता मी पगार घेऊनही केला नसता.

तेव्हा लख्ख प्रकाश पडला. मिठाई किंवा तळलेलं सोडायला लावलं असतं तर बऱ्याच जणींनी ते निभावलंही असतं. असल्या ठिकाणी जाणाऱ्या बायका ते आधीच सोडून आलेल्या असतात. फळ मात्र घरात समोरच असतं, सगळे खातात, मूल अर्धं टाकून उठतं. ते कुणाच्यानेही तीन महिने सुटत नाही. मोडणारच असा नियम घालायचा आणि मोडल्याची कबुली रोज लेखी घ्यायची. फळबंदी ही आहाराची अट नव्हतीच, ती परताव्याची अट होती.

आता लोक विचारतात, मग फळांनी वजन कमी होतं की नाही? फळ चरबी जाळत नाही. कुठलंच नाही, ग्रेपफ्रूटसुद्धा नाही, जरी त्याच्या नावाने १९३० च्या दशकापासून डाएट विकले जाताहेत. फळ कामाला येतं ते दुसऱ्या कशाची तरी जागा घेतं तेव्हा. शंभर ग्रॅम सफरचंदात ५२ कॅलरी, कलिंगडात ३०, केळ्यात ८९. बिस्किटांत साडेचारशेच्या पुढे. पाच वाजता मी बिस्किटांऐवजी संत्रं खाते तेव्हा फरक पडतो, बिस्किटांनंतर खाते तेव्हा पडत नाही. २००९ मध्ये एक छान प्रयोग झाला होता: जेवणाआधी काहींना अख्खं सफरचंद, काहींना त्याचा लगदा, काहींना तितक्याच कॅलरींचा रस. अख्खं सफरचंद खाणाऱ्यांनी आधी काहीच न खाल्लेल्यांपेक्षा एकूण सुमारे १५ टक्के कमी कॅलरी घेतल्या, सफरचंदाच्या कॅलरी धरूनसुद्धा. लगदा आणि रस त्याच्या मागे राहिले. फळ तेच, फक्त चावायचं काम काढून घेतलेलं.

जपायच्या जागाही आहेतच. मनुका म्हणजे द्राक्षंच, पण पाणी गेल्यामुळे शंभर ग्रॅमला ७० च्या जागी ३०० कॅलरी, आणि मूठभर मनुका गप्पा मारता मारता संपतात. दूध-साखर घालून घुसळलेलं केळं हे फळ राहत नाही. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर किती आणि कोणतं फळ खायचं ते स्वतःच्या डॉक्टरांना विचारावं. ग्रुपमधल्या सरांना तर नाहीच.

पैसे गेले. तक्रार केली आहे, ती फिरतेय. वजन सात महिन्यांत चार किलो उतरलंय, कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. आणि हो, त्यांच्या जाहिरातीत माझा दहाव्या दिवसाचा फोटो अजून आहे. त्यालाही मी सही दिली होती म्हणे.

मागच्या आठवड्यात ग्रुपमधल्या एका मुलीचा मला एकटीला मेसेज आला. "ताई, आज मी दोन केळी खाल्ली. खूप गिल्टी वाटतंय."

मी लिहिलं, "बरं केलंस. ग्रुपवर लिहिलंस का?"

"अजून नाही."

"मग लिहू नकोस."